डम्पिंगवर उगवलेलं रान

मानखुर्दला राहणाऱ्या माणसाला वारा कुठून सुटलाय हे नाकाने कळतं. हिवाळ्यात पहाटे तो उत्तरेकडून आला की महाराष्ट्र नगरपासून लल्लूभाई कंपाउंडपर्यंत खिडक्या भराभर लागतात. उत्तरेला देवनारचं डम्पिंग आहे. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या उड्डाणपुलावरून ते स्पष्ट दिसतं. राखाडी-तपकिरी डोंगर, त्यावर मुंग्यांसारख्या सरकणाऱ्या गाड्या आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी. जी माणसं रोज त्यावर चढून पन्नी, पत्रा, काच वेचतात आणि संध्याकाळी काटेवाल्याकडे तोलून देतात, त्यांच्या बोलण्यात त्या डोंगराला ‘खाडी’ म्हणतात. बाई सकाळी ‘खाडीवर जाते’ म्हणून निघते, तेव्हा तिला पाणी अभिप्रेत नसतं.

शहराला जे नजरेआड हवं होतं, ते सगळं पूर्वेच्या या कोपऱ्यात आलं. कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग १९०६ मध्ये टाकला गेला, तो मुळात मुंबईचा कचरा वाहून आणण्यासाठी. प्रवाशांना त्यावरून गाडी मिळाली ती १९२४ मध्ये. पालिकेच्या दफ्तरी देवनारच्या क्षेपणभूमीचं साल १९२७ आहे. पुढे शेजारी तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, कत्तलखाना आला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून आलेली कुटुंबं आली. मग रेल्वेरुळांलगतच्या आणि रस्तारुंदीत गेलेल्या झोपड्यांमधली माणसं पुनर्वसनाच्या इमारतींत आणून ठेवली गेली. कचरा आणि माणूस एकाच रस्त्याने, एकाच कारणासाठी इथवर आले. दोघांनाही कुठून तरी हलवायचं होतं.

त्या पुनर्वसनाच्या इमारती एकदा खालून वर बघाव्यात. दोन इमारतींमधलं अंतर इतकं कमी की समोरच्या घरातला कुकर आपल्या ओट्यावर वाजल्यासारखा वाटतो. खालच्या मजल्यांवर भर दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईतल्या अभ्यासकांबरोबर लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडची पाहणी केली होती. ऊन आणि हवा न पोचणाऱ्या घरांचा क्षयरोगाशी असलेला संबंध तिने मांडला. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात पालिकेचा आमचा एम पूर्व विभाग सगळ्या विभागांच्या तळाशी होता. तरी इथल्या खिडक्या बघाल तर प्रत्येक गजाला काहीतरी हिरवं टांगलेलं दिसेल. पाच लिटरचा तेलाचा डबा आडवा कापून त्यात कोरफड, रंगाच्या डब्यात कढीपत्ता, फुटक्या बादलीत तुळस. डब्याच्या बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं असतात आणि त्यातून गळणारं पाणी खालच्या मजल्यावरच्या डब्यात पडेल अशी रांग लावलेली असते. ज्यांना जमीन मिळाली नाही, त्यांनी लोखंडी गजावर बाग केली आहे. म्हणून ‘या लोकांना झाडांचं काय पडलंय’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

मी डम्पिंगवरच्या उद्यानाबद्दल बोलू लागते तेव्हा पहिला प्रश्न हमखास येतो: कचऱ्यावर कधी बाग होते का? होते. मुंबईतच झाली आहे. कुर्ल्याला गाडी बदलून सायनला उतरायचं आणि वांद्र्याच्या दिशेने बस धरायची. धारावी बस डेपोजवळ महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं फाटक लागतं. आत साधारण ३७ एकर रान आहे. एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला मिठी नदी आणि तिच्या काठची तिवरं, आणि नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. हे सगळं रान शहराच्या जुन्या डम्पिंगवर उभं आहे. तिथे कचरा टाकणं १९७७ मध्ये थांबलं. त्यानंतर वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातल्या कार्यकर्त्यांनी तिथे निसर्ग उद्यान करण्याची कल्पना लावून धरली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती उचलली. १९८३ मध्ये सालिम अलींच्या हातून तिथे पहिलं झाड लागलं. तेव्हा ते नव्वदीकडे झुकले होते. आयुष्यभर पाखरांच्या मागे हिंडलेल्या माणसाने पाखरू फिरकणार नाही अशा जागेत झाड लावलं, हे मला फार मोठं वाटतं. उद्यान लोकांसाठी उघडलं ते २२ एप्रिल १९९४ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी.

या दोन तारखांमधलं अंतर मी मुद्दाम सांगते. पहिलं झाड आणि पहिला पाहुणा यांच्यामध्ये ११ वर्षं गेली. एवढा धीर एखाद्या सरकारी कामात क्वचितच दिसतो. आज उद्यानाचं भूमिपूजन होतं, सहा महिन्यांत फीत कापली जाते, आणि मोठी झाडं ट्रकमधून आणून उभी केली जातात. त्यातली निम्मी दुसरा उन्हाळा बघत नाहीत.

आमच्या बचतगटातल्या बायकांना मी त्या उद्यानात घेऊन गेले होते. त्यातल्या एक मावशी जालन्याकडच्या. तरुणपणी त्या देवनारला खाडीवर जायच्या. गुडघे गेल्यावर त्यांनी ते सोडलं. फाटकातून आत गेल्यावर बाकीच्या बायका फुलपाखरं बघत पुढे निघाल्या, मावशी मात्र जागेवर उभ्या राहून श्वास ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ताई, हितं कचरा होता म्हणता, मग त्याचा वास कुठं गेला?’ मी सांगितलं, खालीच आहे, मातीने झाकलाय, झाडांनी धरून ठेवलाय. त्यांचा विश्वास बसेना. पुढे वाटेच्या कडेला पावसाच्या पाण्याने मातीचा थर वाहून गेला होता आणि एका उंबराची मुळं उघडी पडली होती. त्या मुळांच्या बेचक्यात चिनी मातीच्या बशीचा एक निळ्या काठाचा तुकडा अडकलेला होता. मूळ त्याच्या दोन्ही बाजूंनी वाढून त्याला घट्ट धरून बसलं होतं. मावशी खाली बसल्या, बोटाने तो तुकडा चाचपला आणि म्हणाल्या, ‘हां, आता पटलं.’ वेचणाऱ्या बाईची नजर ती. आम्हाला झाड दिसलं होतं, त्यांना बशी दिसली.

तो वास जातो कसा, हे समजून घेण्याजोगं आहे. कचऱ्याच्या ढिगात खाली हवा पोचत नाही. तिथे ओला कचरा कुजताना मिथेन वायू तयार होतो. तो पेटतो, म्हणून डम्पिंग वरून विझलं तरी आतून धुमसत राहतं. हाच मिथेन वर येताना मातीतला प्राणवायू हुसकून लावतो आणि मुळं गुदमरतात. शिवाय पावसाचं पाणी ढिगातून झिरपताना तळाशी काळं, विषारी पाणी जमतं आणि ते खाडीला जाऊन मिळतं. म्हणून आधी ढिगाचे उतार स्थिर करायचे, चिकणमातीचा जाड थर देऊन पावसाचं पाणी आत जाणं थांबवायचं, वायू बाहेर काढायला नळ्या बसवायच्या आणि काळं पाणी वेगळं गोळा करून शुद्ध करायचं. मग वर चांगली माती आणि त्यावर प्रथम गवत. गवत माती धरतं. त्याच्या पाठोपाठ हवेतलं नत्र मातीत आणणारी शेवरी, करंज, पांगारा अशी काटक झाडं. त्यांचा पाला खाली पडतो, कुजतो, गांडुळं येतात, बुरशी येते, आणि मग उंबरासारखं झाड पाखरांच्या विष्ठेतून न लावताच उगवतं. माणसाचं काम पहिल्या काही वर्षांपुरतंच. नंतर ते काम जमीन आपल्याकडे घेते, फक्त तिला कुणी मध्येच उकरता कामा नये.

धारावीचा मार्ग देवनारला जशाचा तसा चालणार नाही, हेही सांगायला हवं. १९७७ पूर्वीच्या कचऱ्यात राख, भाजीपाला, चिंध्या, राडारोडा जास्त होता, प्लास्टिक थोडं. देवनारच्या ढिगात ते खोलवर आहे, आणि पसारा शंभर हेक्टरहून मोठा आहे. जानेवारी २०१६ मध्ये हे डम्पिंग पेटलं तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि पालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्या घरात त्या दिवसांत ओले पंचे खिडकीला बांधले होते. संध्याकाळी ते सोडले तेव्हा पिळताना हाताला काजळी लागली. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्यांवरच बंधन आणलं, कारण कचऱ्याची सोय नसताना इमारती वाढवून कसं चालेल, हा साधा सवाल होता.

उद्यान म्हटलं की आपल्याकडे ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. कुंपण, कमान, पेव्हर ब्लॉकच्या वाटा, मध्ये कारंजं, रंगीत दिवे, हिरवळीवर ‘चालू नये’ची पाटी. अशा बागेला रोज टँकरचं पाणी लागतं. गवत परदेशी, झाडं शोभेची. त्यांच्यावर किडा बसत नाही, म्हणून पाखरूही बसत नाही. पावसाचं पाणी फरशीवरून गटारात जातं. तिला मी पर्यावरणस्नेही म्हणणार नाही, फलकावर कितीही ठळक लिहिलं तरी. निसर्ग उद्यानात पायाखाली माती आहे, पाला झाडून जाळला जात नाही, छपरावरचं पावसाचं पाणी साठवलं जातं. उन्हाळ्यात तांबट एकसुरात ठोकत असतो, भारद्वाज झुडपांतून चालत जातो आणि पावसाळ्यानंतर नीलवंत, म्हणजे राज्याचं फुलपाखरू, उन्हाच्या कवडशात उतरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी वस्त्यांत शिरली, आणि उघड्या मातीची, काठावरच्या तिवरांची किंमत तेव्हा तरी शहराला कळायला हवी होती. मानखुर्दमध्ये दर पावसाळ्यात सखल गल्ल्यांत गुडघाभर पाणी असतं. आमच्याकडे पाणी जिरायला मोकळी माती उरलेलीच नाही.

आणखी एक गोष्ट उद्यानांच्या आराखड्यांत हमखास विसरली जाते, ती म्हणजे शौचालय आणि पिण्याचं पाणी. बायका आणि म्हातारी माणसं बागेत किती वेळ बसतील हे झाडांवर ठरत नाही, स्वच्छ मोरीवर ठरतं. आमच्या भागात तर हे पहिल्या ओळीत लिहायला हवं. पण ते लिहून घेणार कोण? माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली रहिवाशांच्या पाठपुराव्यातून २०१६ मध्ये नानालाल मेहता उद्यान उभं राहिलं. तिथली वाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणं घेते. लोअर परळला पुलाखालच्या पट्ट्यात ‘वन ग्रीन माइल’ झालं. दोन्ही चांगली कामं आहेत. पण माटुंग्यात पाठपुरावा करणारे रहिवासी होते, परळला मोठ्या कंपन्या होत्या. मानखुर्दच्या बायका कामावरून रात्री आठला परततात. त्यांच्या वतीने पाठपुरावा कुणी करायचा? ज्या जागेला जास्त गरज, तिथेच पाठपुराव्याला सवड नसते, आणि म्हणून हे काम स्थानिकांच्या उत्साहावर सोडून चालत नाही. ते पालिकेने आपणहून करायचं काम आहे.

रान उभं राहिलं तरी त्याचं राखणं संपत नाही. निसर्ग उद्यानाला १९९१ मध्ये संरक्षित वनाचा दर्जा मिळाला, तरी धारावीच्या पुनर्विकासाच्या नकाशांत ते अडकण्याची भीती निर्माण झाली. पर्यावरण कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले, आणि २०२३ मध्ये उद्यान प्रकल्पात घेतलेलं नाही, असं सरकारी बाजूला तिथे सांगावं लागलं. कागदावरचा तो दर्जा नसता तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलासमोरच्या ३७ एकरांचा भाव मुंबईत कुणालाही सांगावा लागत नाही.

दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये नानजिदो नावाच्या बेटावर १९७८ ते १९९३ शहराचा कचरा टाकला गेला आणि जवळपास शंभर मीटर उंचीचे दोन डोंगर झाले. वर कचरा वेचणाऱ्यांच्या झोपड्या होत्या. २००२ च्या विश्वचषकाच्या वेळी तिथेच वर्ल्ड कप पार्क उघडलं. ढिगातला वायू नळ्यांनी काढून उष्णतेसाठी वापरला जातो. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर १९४८ मध्ये सुरू झालेलं फ्रेशकिल्सचं डम्पिंग २००१ मध्ये बंद झालं. २,२०० एकरांच्या त्या जागेचा एक भाग लोकांसाठी उघडायला २०२३ उजाडलं. श्रीमंत शहरांनाही घाई करता आली नाही. आपल्या गोराईलाही सुमारे २० हेक्टरांचा कचऱ्याचा ढीग शास्त्रीय पद्धतीने झाकून त्यावर गवत वाढवण्यात आलं. तंत्र ओळखीचं आहे आणि माणसंही आहेत.

देवनारच्या बाबतीत आता निर्णायक वेळ आली आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने इथली १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासाच्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. २०२५ मध्ये पालिकेने सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसून वेगळा करण्यासाठी अंदाजे २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. अशा उपशाला बायोमायनिंग म्हणतात. मोठ्या फिरत्या चाळणीतून कचरा जातो, प्लास्टिक-चिंध्या जळणासाठी, दगड-विटा भरावासाठी आणि खाली पडणारी काळी बारीक माती वेगळी. ढीग उतरतो आहे याचा आनंद मला कुणाहून कमी नाही. पण घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये म्हटलं होतं की बंद झालेल्या क्षेपणभूमीवर वस्तीचा विचारही १५ वर्षांच्या देखरेखीनंतर करावा, तोही वायू, झिरपणारं पाणी आणि जमिनीचं स्थैर्य तपासून. उपसल्यावर जागा मोकळी धरता येते असं म्हणणारे म्हणतील. माझं म्हणणं, त्या मातीत जड धातू किती, मिथेन किती उरलाय, हे वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय तिच्यावर कुणाच्या मुलाचा पाळणा बांधू नका. एका डम्पिंगवर रान झालं त्या धारावीतल्या माणसांना उचलून दुसऱ्या डम्पिंगवर राहायला पाठवायचं, हे मला मान्य नाही. त्यांच्यासाठीही नाही, आमच्यासाठीही नाही.

थांबणं भागच आहे, तर झाडं लावून थांबू. कचऱ्याने बिघडलेल्या जमिनीचा लगेच सुरू करता येईल असा एकच चांगला वापर आहे आणि तो म्हणजे रान. तिथे फळझाडं, भाजीपाला नको, कारण मातीतलं विष पोटात जाईल. गवत, करंज, भेंड, शिरीष, काटेसावर चालेल. खाडीच्या कडेला तिवरांना हात लावायचा नाही. तिथून पुढे ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य सुरू होतं. ते २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळ झालं. हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी याच चिखलात चरतात, ज्याच्या काठावर आपण जवळपास शंभर वर्षं कचरा लोटला. जगातली एवढी मोलाची पाणथळ जागा आमच्या दारात आहे आणि आमच्या वस्तीतल्या मुलांना ती बघायला जागा नाही. ढिगाच्या कुशीतून खाडीपर्यंत एक पायवाट, मुलांना क्रिकेट खेळायला कुंपणाशिवायचं एक मैदान, सावलीत बसायला ओटे, आणि रात्री उशिरापर्यंत उघडं फाटक एवढं झालं तरी एम पूर्वच्या माणसाचं जगणं बदलेल.

आणि हे काम वेचणाऱ्यांच्या हातून व्हावं. डम्पिंग बंद झालं की त्यांची रोजीरोटी जाते, याचा हिशेब कुठल्याही निविदेत मला दिसलेला नाही. त्या ढिगाची प्रत्येक उतरण, कुठे धग आहे, कुठे पाय रुततो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. चाळणीवर त्यांना नेमा, रोपवाटिकेत नेमा, राखणीला ठेवा, पगारावर ठेवा, हंगामी मजुरीवर नव्हे. त्या मावशींना मी विचारलं होतं, असं रान देवनारला झालं तर तिथे काम कराल का? त्या म्हणाल्या, ‘गुडघे गेले माझे. सुनेला लावा.’

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात बदल करायचा झाला तर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, आणि त्यासाठी महिन्याभराची मुदत असते. देवनारच्या जागेबाबत अशी सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येईल तेव्हा ती नजरेतून सुटू देऊ नका. तुम्ही मुलुंडला राहत असा, बोरिवलीला असा की दादरला. तुमच्या घरातली कचऱ्याची बादली या डोंगरावर कधी ना कधी रिकामी झालेली असेल. साध्या कागदावर, मराठीत, चार ओळी लिहा: या जमिनीचा मोठा तुकडा रान म्हणून राखीव ठेवा, त्याला संरक्षित वनाचा दर्जा द्या, आणि त्याचं फाटक गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला उघडा.